मदत हवी आहे: मुलाखत नेमकी गुड फ्रायडेला आलीय

आम्ही वसईचे, लग्नाला वर्ष झालं. नवऱ्याची नोकरी जानेवारीत गेली, त्यानंतरचा हा पहिलाच चांगला कॉल. मुलाखत अंधेरीला, शुक्रवारी दुपारी 2 वाजता. चर्चमध्ये उपासना 3 ला आणि तो गायनमंडळात. महिनाभर सराव केलाय. झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी त्याने बायोडेटाच्या फाइलवरच ठेवलीय. गुरुवारी पाय धुण्याचा विधी, ईस्टरला माझ्या माहेरची सगळी मंडळी जेवायला.

सासूबाई म्हणतात, नोकरी आधी. मला वाटतं, सकाळी 10 ची वेळ मागावी, म्हणजे विरार लोकलने वेळेत परतता येईल. एचआरला असं विचारलं तर नाव मागे पडतं का? फोन करावा की ईमेल? कुणाला अनुभव असेल तर कृपया आजच सांगा, उद्या कळवायचंय.