मोठ्या शहरात मुक्काम आणि जेवण: ठरवायचं कसं?

मोठ्या शहरात चार दिवस जायचं ठरलं की तिकिटं पटकन निघतात, घोडं अडतं ते मुक्कामावर. शेकड्यांनी हॉटेलं समोर येतात. सगळी ‘मध्यवर्ती’ आणि सगळी ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’. जेवणाचंही तेच. इथे अमुक हॉटेल चांगलं, तमुक खाणावळ भारी, अशा शिफारशी नकोत. निवड करायची रीत लिहा: आकडे, क्रम, कुठे फसतं आणि का फसतं. प्रवासवर्णनासाठी वेगळा धागा काढू.

पथिक

हॉटेल शोधायला बसू नका. आधी नकाशावर जायच्या जागांच्या खुणा करा आणि प्रत्येक खुणेपुढे वेळ लिहा. मग बघा, दिवस कुठे संपतोय. सकाळी माणूस ताजा असतो, अर्धा तास जास्त गेला तरी कुरकुरत नाही. रात्री दहाला तोच अर्धा तास अंगावर येतो. म्हणून मुक्काम रात्रीच्या परतीवरून ठरवायचा.

सगळ्यांत जास्त खुणा ज्या एक-दोन मेट्रो किंवा लोकल मार्गांवर पडतात, तो मार्ग धरा. बहुतेक जण मग दोन मार्ग मिळतात त्या जंक्शनच्या डोक्यावरच खोली घेतात. तिथे भाव चढे, रात्रभर वर्दळ, आणि मोठ्या जंक्शनात फाटकापासून फलाटापर्यंत पोचायलाच आठ-दहा मिनिटं जातात. त्यापेक्षा जंक्शनपासून एक-दोन स्थानकं पलीकडचं साधं स्थानक बघा. भाडं उतरतं आणि वेळ जवळपास तेवढाच लागतो.

‘पाच मिनिटांवर’ हे कोणाच्या चालीने? सपाट रस्त्यावर मोकळ्या हाताने मिनिटाला साधारण 80 मीटर होतात. चाकाची बॅग आणि लहान मूल सोबत असेल तर 50 धरा. म्हणजे 600 मीटरला एकाला साडेसात मिनिटं, दुसऱ्याला बारा. अंतर मोजायचं ते स्थानकाच्या नावावरच्या ठिपक्यापासून नाही, जे फाटक रात्री उघडं असतं त्याच्यापासून. आणि सरळ रेषेत तर कधीच नाही. मध्ये रेल्वेचे रूळ, नाला किंवा उड्डाणपूल असला की 300 मीटरचं किलोमीटरभर होतं.

निशाचर

वरच्याला पुरवणी. नकाशावर मार्ग शोधताना ‘आत्ता’ ठेवू नका. तुमच्या मुक्कामातला रविवार निवडा, वेळ रात्री साडेदहाची टाका आणि मग मार्ग बघा. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, दुरुस्तीची कामंही बहुधा सुट्टीच्या दिवशी निघतात. शेवटची गाडी चुकली तर दुसरा उपाय काय, टॅक्सीला अंदाजे किती पडतील, हे खोली घेण्याआधीच कळायला हवं.

शेवटच्या चारशे मीटरचा रस्ता गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये चालून बघा. दुकानं तळमजल्यावर आहेत की नुसत्या भिंती? दिवे किती अंतरावर? गोदामांची गल्ली दिवसा निरुपद्रवी दिसते, पण तिथे रात्री विचारायला माणूस नसतो.

हिशेबनीस

लांबची खोली स्वस्त पडते का, ते कागदावर काढा. जाऊन-येऊन रोज दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत 40 मिनिटं जास्त, चार दिवस: 320 मिनिटं. म्हणजे 5 तास 20 मिनिटं. सहलीतला जवळजवळ अर्धा दिवस डब्यात उभ्याने गेला. त्यात माणशी जादा भाडं मिळवा. चौघं असाल तर आठवड्याच्या पासाचा दरही बघा, पण पास किती झोनपर्यंत (भाड्यासाठी शहराचे पाडलेले पट्टे) चालतो हे वाचून. लांबचं हॉटेल बरेचदा एक झोन पलीकडे निघतं.

यादीत दिसणारा आकडा म्हणजे भाडं नव्हे. त्यात कर मिळवा. काही शहरांत माणशी-प्रतिरात्र शहर-कर वेगळा, जागेवर भरायचा असतो. फ्लॅट असेल तर स्वच्छतेचं शुल्क एकदाच लागतं. सात रात्रींत ते विरून जातं, दोन रात्रींत फ्लॅट हॉटेलपेक्षा महाग करून ठेवतं. आलेल्या बेरजेला रात्री गुणिले माणसं यांनी भागा आणि मगच तुलना करा.

अनामत म्हणून हॉटेल कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर ती नुसती मर्यादेतून वजा दिसते, डेबिट कार्डावर मात्र तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला काही दिवस लागू शकतात. हॉटेल सोडल्यानंतरच्या खर्चाचे पैसे त्या खात्यात ठेवू नका.

परदेशात कार्ड ओढताना ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं यंत्र विचारतं. इथल्या म्हणा. तुमच्या चलनात म्हटलं की विनिमयाचा दर तुमची बँक लावत नाही, समोरचं यंत्र लावतं, आणि तो जवळजवळ नेहमीच वाईट असतो.

घड्याळजी

तारखेचा घोळ हा सगळ्यांत महागडा घोळ. विमान 12 तारखेला पहाटे 2 वाजता उतरणार असेल तर खोली 11 तारखेच्या रात्रीपासून हवी. 12 तारीख टाकलीत तर पहाटे तीन ते दुपारी दोन-तीनपर्यंत स्वागतकक्षातल्या सोफ्यावर. 11 तारीख बरोबर टाकूनही एक काम उरतं: ‘मध्यरात्रीनंतर येतोय’ हे हॉटेलला लेखी कळवा. नाहीतर पाहुणा आलाच नाही असं समजून ते खोली दुसऱ्याला देऊन मोकळे होतात, आणि परताव्याचं नावही काढता येत नाही.

‘मोफत रद्द’ची मुदत साधारणपणे हॉटेलच्या गावच्या घड्याळाने मोजतात. तुमच्याकडे संध्याकाळ असेल तेव्हा तिथे मुदत उलटून गेलेली असू शकते.

कानोसा

+१ पथिकना. आता खोलीच्या आतलं.

परीक्षणं वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवा. एक जण खूश आहे, दुसरा भांडून आलाय. तीन तारेवाले ‘बरं होतं, पण…’ असं लिहितात आणि त्या ‘पण’नंतर माल असतो. नवीन आधी असा क्रम लावा. तुम्ही जाणार त्याच महिन्यातली परीक्षणं शोधा, कारण खोली गार होत नाही हे थंडीत जाणाऱ्याला कळत नाही. शोधपट्टीत चार शब्द टाका: आवाज, लिफ्ट, गरम पाणी, वास. एकाने लिहिलं तर सोडा, वेगवेगळ्या महिन्यांत तिघांनी लिहिलं तर ते खरं.

हॉटेलचे फोटो रुंद कोनाच्या भिंगातून काढलेले असतात, खोलीचं सभागृह होतं. क्षेत्रफळ बघा. 12 चौरस मीटरच्या खोलीत दीड बाय दोन मीटरचा पलंगच 3 चौरस मीटर खातो. न्हाणीघर त्याच 12 मध्ये धरलं असेल तर दोन मोठ्या बॅगा एका वेळी उघडता येत नाहीत. खिडकी ‘आतल्या बाजूची’ लिहिली असेल तर ती बहुधा वायुविवराकडे, म्हणजे इमारतीच्या मधल्या हवेच्या पोकळीकडे, उघडते. तिथून उजेड कमी, आणि खाली स्वयंपाकघर असेल तर फोडणी थेट उशाशी.

आवाजाचं गणित जरा विचित्र आहे. रस्ता टाळायचा म्हणून लोक सगळ्यांत वरचा मजला मागतात आणि डोक्यावर पंप, लिफ्टचं यंत्र नाहीतर एसीची धडधड मिळते. मधले मजले बरे. मागताना एकाच वाक्यात मागा: मधला मजला, लिफ्टपासून लांब, रस्त्याच्या उलट बाजूला, शेजारच्या खोलीत उघडणारं दार नसलेली खोली. ते शेवटचं विसरू नका. त्या दाराला कुलूप असतं, पण शेजाऱ्याचा फोन पूर्ण ऐकू येतो.

आत शिरल्यावर बॅग पलंगावर टाकायची नाही, आधी न्हाणीघरात. चादरीचा कोपरा उचला, गादीची शिवण आणि पलंगाच्या उशाकडची फळी मोबाइलच्या दिव्यात बघा. काळपट-तपकिरी ठिपके म्हणजे ढेकूण. खोली बदलून मागताना लगतची, वरची किंवा खालची घेऊ नका, ढेकूण भिंतीतून तिथे आधीच गेलेले असू शकतात.

जिना

सोबत गुडघेदुखीचं माणूस असेल तर ‘लिफ्ट आहे’ एवढ्यावर थांबू नका. तीन प्रश्न विचारा: लिफ्ट रस्त्याच्या पातळीवरून निघते की आधी अर्धा जिना चढायचा? दारात पायऱ्या किती? अंघोळीला टब आहे की सपाट फरशी? टबची कड गुडघ्याइतकी उंच असते, आत जाणं जमतं, ओल्या पायांनी बाहेर येणं जमत नाही. फोटो मागवा. आणि जवळच्या स्थानकाला लिफ्ट आहे का तेही बघा, ते हॉटेलवाले आपणहून सांगणार नाहीत.

खटपट्या

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. नोंदणी होईपर्यंत नकाशावरची खूण अंदाजे असते, चार गल्ल्या इकडेतिकडे धरून चला. ‘स्वयंपाकघर’ म्हणजे कधीकधी किटली आणि मायक्रोवेव्ह. शेगडी किती तोंडांची, पातेली आहेत का, विचारा. चावी कोण देणार, किती वाजेपर्यंत? मालकाने ऐनवेळी रद्द केलं तर पैसे परत येतात, पण त्या रात्रीची खोली येत नाही. म्हणून गर्दीच्या हंगामात पहिली रात्र हॉटेलात काढणं शहाणपणाचं.

सोमवार

एक युक्ती. कचेऱ्यांच्या भागातली हॉटेलं शनिवार-रविवारी स्वस्त होतात, कारण कामासाठी येणारे शुक्रवारी परततात. पर्यटकांच्या भागात उलटं. तारखा पुढेमागे करता येत असतील तर याचा फायदा घ्या. शहरात मोठं प्रदर्शन किंवा सामना असेल तर मात्र कुठलीच युक्ती चालत नाही, आधी त्या आठवड्याचे कार्यक्रम बघा.

ताटवाटी

सोमवार, युक्ती बरोबर, पण अर्धीच सांगितलीत. शनिवार-रविवारी त्याच भागातल्या खाणावळींनाही कुलूप असतं! रात्री नऊला परतलेल्या माणसाला तिथे बिस्किटांशिवाय काही मिळत नाही. म्हणून खोली पक्की करण्याआधी तिच्याभोवती 500 मीटरचं वर्तुळ धरा. रविवारी रात्री साडेनऊला उघडी अशी किमान तीन खायची ठिकाणं आणि एक किराणा दुकान त्यात हवंच. एक बंद निघतं, दुसरं भरलेलं असतं, तिसरं उपयोगी पडतं.

जेवणाची विभागणी अशी: नाश्ता आणि रात्रीचं जेवण मुक्कामाजवळ, दुपारचं जिथे असाल तिथे. नावाजलेल्या ठिकाणी खायचंच असेल तर ते दुपारी, दार उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात. रांग नसते आणि परतीची घाई नसते. पाटीवर ‘11 पर्यंत’ लिहिलेलं असलं तरी स्वयंपाकघर त्याआधी अर्धा ते एक तास बंद होतं, शेवटची ऑर्डर कधी ते फोनवर विचारा. साप्ताहिक सुट्टीचा वार वेगळा तपासा. हॉटेलचा नाश्ता सातला सुरू होत असेल आणि तुम्ही साडेसहाला निघणार असाल तर ‘नाश्त्यासह’ दर घेऊ नका, किंवा डबा बांधून मिळेल का विचारा.

प्रसिद्ध चौकातल्या पहिल्या रांगेतली खाणावळ टाळा. तिला परत येणाऱ्या गिऱ्हाइकाची गरज नसते, उद्या नवं येणारच. दोन गल्ल्या आत जा. कामगार-कर्मचारी एकच्या सुमारास जिथे बसतात तिथे माल खपतो आणि खपतो म्हणून ताजा असतो. रस्त्यावरचं खायला भ्यायचं कारण नाही, नियम साधा आहे: समोर शिजलेलं, वाफाळतं. 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं नको. गरम पदार्थाला जपून लोक फसतात ते चटणी, कापलेली फळं आणि बर्फ यांत.

पथ्य किंवा अ‍ॅलर्जी असेल तर स्थानिक भाषेत चिठ्ठी करून ठेवा: काय चालत नाही, ते कुठल्या रूपात लपलेलं असतं (रस्सा, चरबी, सॉस, तळणीचं तेच तेल), आणि चुकून खाल्लं तर काय होतं. यंत्राने भाषांतर केलं असेल तर ते उलट फिरवून वाचा, ‘नको’चं ‘हवं’ झालेलं असू शकतं.

बिल देण्याआधी: न मागता टेबलावर आलेली वस्तू फुकट असते असं नाही, नको असेल तर हात न लावता परत द्या. ‘बाजारभाव’ किंवा ‘100 ग्रॅमला’ असं लिहिलं असेल तर वजन करून पूर्ण आकडा आधी सांगायला लावा. सेवाशुल्क बिलात धरलेलं असेल तर वर टीप ठेवायची गरज नाही.

हिशेबनीस

ताटवाटींचं 500 मीटरचं वर्तुळ माझ्या बेरजेत राहून गेलं होतं. जवळ खायला नसेल तर रात्रीची टॅक्सी किंवा घरपोच मागवण्याचे पैसे रोजच्या खर्चात धरा. स्वस्त खोली तिथेही महाग पडते.