कॅरव्हॅनच्या छतावरचं जुनं सिलिकॉन कसं काढायचं?

म्हापसेकर: मंडळी, जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅरव्हॅन केलीय, छताच्या हॅचमधून (उघडझाप करायच्या झडपेतून) पाणी गळतं. आधीच्या मालकाने सगळीकडे बाथरूमचं सिलिकॉन फासून ठेवलंय, त्यावरच नवीन मारलं तर चालेल का, जून तोंडावर आलाय हो

डिचोलीचा बाब: अजिबात नको रे! सिलिकॉनवर काहीच धड चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा. प्लास्टिकच्या पट्टीने खरवड, कंटाळा आला तरी खरवड, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन असेल तर पत्र्यावर गंज बघ, मी भोगलंय. हॅच उचलून खाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लाव, स्क्रू हळूहळू आवळ, दोन दिवसांनी परत एकदा, बाहेर आलेलं कापून टाक.

वास्कोकर: होड्यांना लावतात ते पीयू (पॉलीयुरेथेन सीलंट) नाही चालणार?

डिचोलीचा बाब: छताच्या सांध्याला मस्त, पण पुढे काढायची पाळी आली की रडशील. अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीला मात्र पीयू नको नि अ‍ॅसिटोन तर नकोच, तडे जातात.

म्हापसेकर: अर्धं खरवडलं, बोटं गेली कामातून. खाली पत्रा तपकिरी झालाय 😭