आस्तिक की नास्तिक, अधिक विवेकी कोण? मांडणीसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. आमच्या वाचनमंडळात पुढील महिन्यात मला वरील विषयावर अर्धा तास बोलायचे असून तयारी करताना मी एका ठिकाणी अडकलो आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघेही तर्काची कास धरणारे सुधारक होते. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ असलेल्या रानड्यांची एकेश्वरावर दृढ श्रद्धा होती. १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे वृत्तपत्र सुरू करणारे आगरकर मात्र अज्ञेयवादाकडे, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही या मताकडे, झुकलेले होते. तरीही बालविवाह आणि विधवांची दुःस्थिती यांविषयी दोघांचीही तळमळ सारखीच दिसते. मग विवेक मोजायचा तो निष्कर्षावरून की तिथवर पोहोचण्याच्या रीतीवरून? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण केवळ घरच्या वातावरणामुळे नास्तिक झालेला आणि त्याच कारणाने आस्तिक राहिलेला माणूस यांत मला फारसा फरक दिसत नाही. (मी स्वतः पहिल्या गटातला, हे कबूल केले पाहिजे.)

परंतु असे म्हटले की पुराव्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न बाजूला पडतो. शिवाय मीमांसक (वेदांतील विधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे अनुयायी) वेद मानतात, म्हणून आपल्या परंपरेत ते आस्तिक ठरतात, पण जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. उलट उदयनाचार्यांसारखे नैयायिक, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनाचे अनुयायी, ईश्वर अनुमानाने सिद्ध करू पाहतात. हे सारे अर्ध्या तासात श्रोत्यांना न गोंधळवता कसे मांडावे? आगरकरांचे नेमके कोणते निबंध आधी वाचावेत, हेही जाणकारांनी कृपया सुचवावे.