रेंज नसताना नकाशा: फेरी टाळू नका

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडे रेंज गेल्यावरही चालेल असा नकाशा हवा असेल तर ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप घ्या. फुकट, जाहिराती नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. नकाशा मात्र घरच्या वायफायवर आधीच उतरवा. सत्तरीतल्या वाळपईच्या पुढे गेल्यावर आठवून उपयोग नाही. जागा उपग्रहावरून कळते, सिमकार्डसुद्धा लागत नाही. फक्त नेट नसलं की पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, दाट झाडीखाली आणखीच. उघड्यावर थांबा, बाण स्थिरावू द्या, मग निघा.

गोव्यात एक गोष्ट तपासाच. मार्गाच्या सेटिंगमध्ये 'फेरी टाळा' (फेरी म्हणजे नदी ओलांडणारी फेरीबोट) चालू राहिलं, तर रायबंदरहून चोडण बेटावर जायला भला मोठा वळसा दाखवतं. दिवाडीला तर रस्ताच सापडत नाही, कारण बेटाला पूल नाही. फेरीच्या वेळा मात्र धक्क्यावरच विचारा.

दुसरं ॲप दामिनी, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं. आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सांगतं. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये हे असायलाच हवं, ऑक्टोबरात तर नक्कीच. लोकेशन आणि नोटिफिकेशन दोन्ही चालू ठेवा, बॅटरी सेव्हरमधून ते वगळा. नाहीतर फोन त्याला झोपवतो आणि इशारा येतच नाही.