विपर्यास, विकृतीकरण, बनावट, दंतकथा: इतिहासाबद्दल बोलताना कोणता शब्द कुठे?

विचारणा

‘इतिहासाचा विपर्यास’, ‘इतिहासाचे विकृतीकरण’, ‘खोटा इतिहास’, ‘इतिहासाचे पुनर्लेखन’ हे शब्द हल्ली सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. यांत नेमका फरक आहे का? दुसरे म्हणजे, ‘अस्सल कागद’ म्हटले की त्यातला मजकूर खरा, असे धरायचे का?

उत्तर

फरक आहे, आणि तो पाळला तर अर्धे वाद आपोआप निवळतील.

‘विपर्यास’मध्ये अस् हा फेकणे या अर्थाचा धातू आहे. वि + परि + अस्, म्हणजे उलटे पाडणे, पालथे घालणे. ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला’ असे आपण म्हणतो तेव्हा मी बोललोच नव्हतो असा दावा नसतो. शब्द माझेच असतात, अर्थ उलटवलेला असतो. इतिहासातही हा शब्द तिथेच वापरावा. पुरावा अस्तित्वात आहे, तो उद्धृतही केला आहे, पण मागचे-पुढचे वाक्य गाळून त्याच्याकडून भलतेच वदवून घेतले आहे, तर तो विपर्यास. ‘बनावट’ म्हणजे पुरावाच घडवलेला. ‘प्रक्षेप’ म्हणजे मूळ ग्रंथ खरा, पण त्यात मागाहून घुसडलेला मजकूर. आणि यांपैकी काहीही नसताना लेखकाच्या हातून सन चुकला, नाव चुकले, तर ती नुसती ‘चूक’. जुन्या कागदांच्या मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दही तोडून लिहीत नाहीत. त्यामुळे चांगल्या वाचकाकडूनही वाचनदोष होतात. त्याला विपर्यास म्हणणे अन्यायाचे आहे.

मग चूक आणि विपर्यास यांतला फरक कसा ओळखायचा? हेतू तर दिसत नाही. चुकांची दिशा पाहायची. निष्काळजी लेखकाच्या चुका विखुरलेल्या असतात: काही त्याच्या मताला पोषक, काही मारक. विपर्यास करणाऱ्याच्या सगळ्या चुका एकाच बाजूला झुकतात. लंडनमध्ये डेव्हिड आयर्विंग या हिटलरची बाजू घेणाऱ्या ब्रिटिश लेखकाने भरलेल्या बदनामीच्या दाव्यात हीच कसोटी लावली गेली. इतिहासकारांनी त्याच्या तळटिपा एकेक करून मूळ जर्मन कागदांशी ताडल्या, तेव्हा फेरफार सातत्याने हिटलरच्या सोयीचेच निघाले. ११ एप्रिल २००० च्या निकालात न्यायमूर्ती ग्रे यांनी, त्याने विचारसरणीपोटी पुराव्यांची जाणूनबुजून आणि सातत्याने मोडतोड केली, असे नोंदवले.

त्याच प्रकरणातला एक आकडा शब्दचर्चेसाठीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर बॉम्बफेक झाली. मूळ पोलीस अहवालात मृतांची संख्या २०,२०४ होती. त्याच्या फिरत्या नकलेत शेवटी एक शून्य वाढवले गेले आणि ती २,०२,०४० झाली. आयर्विंगने हाच फुगवलेला आकडा वापरला. शून्य वाढवणे हा बनावटपणा. तो आकडा तपासल्याविना पसरवणे ही आधी बेफिकिरी, आणि मूळ समोर आल्यावरही त्याला चिकटून राहिल्यास विपर्यास. एका आकड्याला तीन शब्द लागले.

पुरवणी

लेखनाबद्दल थोडे. ‘विकृतिकरण’ असे जागोजागी छापलेले दिसते, ते चूक. विकृत नसलेले विकृत करणे, म्हणून ‘विकृतीकरण’, दीर्घ ई. शुद्धीकरण, भारतीकरण यांतली तीच ई. अर्थाने हा शब्द ढोबळ आहे. काय बिघडवले आणि कसे, हे तो सांगत नाही, म्हणून आरोप करताना तो टाळलेला बरा.

उत्तर

‘अस्सल’बद्दल. मूळ अरबी शब्द ‘अस्ल’, म्हणजे मूळ. दफ्तरात अस्सल म्हणजे ज्या कागदावर प्रत्यक्ष शिक्का उठला तो कागद. त्याची उतरवून ठेवलेली प्रत ती ‘तालीक’ किंवा ‘नक्कल’. आजच्या बोलण्यात ‘नकली’ म्हणजे खोटे, म्हणून नक्कल म्हटले की लोक बिचकतात. पण दफ्तरातली नक्कल पूर्ण प्रामाणिक असू शकते. कित्येक महत्त्वाचे कागद फक्त तालकेच्या रूपात उरले आहेत.

अस्सल हा कागदाचा गुण, खरे-खोटे हा विधानाचा गुण. लढाई हरलेला सरदार धन्याला लिहिताना शत्रूची संख्या फुगवतो. ते पत्र शंभर टक्के अस्सल आणि आकडा खोटा. म्हणून ‘अस्सल कागदात आहे, म्हणजे झालेच’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे थांबून विचारावे: कुणी लिहिले, कुणाला, घटनेनंतर किती दिवसांनी, आणि खरे सांगून त्याचे काय बिघडले असते?

बनावट ओळखण्याच्या काही व्यवहारी खुणा:

शिक्का आणि मोर्तब. ‘शिक्कामोर्तब’ हा आपण एक शब्द मानतो, पण ती दोन कामे आहेत. शिवकालीन आज्ञापत्रांत मुख्य मुद्रा वरच्या अंगाला आणि मोर्तब, म्हणजे ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा, मजकूर संपतो तिथे. मर्यादा म्हणजे सीमा: यापुढे कुणी ओळ वाढवू नये. मोर्तबाखाली मजकूर असेल तर संशय घ्यावा.

भाषा. सतराव्या शतकातल्या मराठी पत्रांत फारसी शब्दांची दाटी असते. त्या काळच्या म्हणून दाखवलेल्या पत्रात सुटसुटीत संस्कृतप्रचुर वाक्ये, स्वल्पविराम, किंवा आजच्या अर्थाने ‘संस्कृती’ हा शब्द आला, तर ते पत्र त्या काळचे नाही. लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन पंडिताने १४४० मध्ये याच वाटेने पोपसत्तेचे मोठे दानपत्र उघडे पाडले. चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाच्या म्हणवलेल्या त्या लेखात रोमी अधिकाऱ्यांना ‘सत्रप’ (मूळ इराणी सुभेदारांची पदवी) म्हटले होते, आणि रोममध्ये त्या काळी तसे कुणी म्हणत नसे.

तिथी आणि वार. ही कसोटी सगळ्यांत निर्दय. बनावट करणारा तिथी लिहितो, वार अंदाजाने टाकतो, आणि तिथेच सापडतो.

पुन्हा विचारणा

तिथी-वार घरबसल्या तपासता येतो का? आणि दंतकथा, आख्यायिका, बखर यांना एकाच पारड्यात टाकायचे का?

उत्तर

पहिला प्रश्न आधी. शिवाजी महाराजांची जन्मतिथी घ्या: जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या, घटनांच्या तिथीवार नोंदींच्या यादीत) शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार. शकाचा इसवी सन करताना चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. फाल्गुन आहे म्हणून ७९, म्हणजे १६३०. ७८ मिळवून १६२९ लिहिणे ही नेहमीची चूक. तारीख येते १९ फेब्रुवारी १६३०, पण ती ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या दिनदर्शिकेची; आजची ती ग्रेगोरियन. संगणकावरच्या दिनदर्शिकेत तशीच टाकली तर मंगळवार दिसतो आणि लोक शकावलीला खोटे ठरवतात. सतराव्या शतकासाठी दहा दिवस पुढे जा, १ मार्च १६३० पाहा: शुक्रवार. जुळले.

आणखी दोन खड्डे. उत्तरेकडच्या पूर्णिमान्त पद्धतीत, म्हणजे महिना पौर्णिमेला संपतो त्या पद्धतीत, हीच तिथी ‘चैत्र वद्य ३’ होते, म्हणून दोन साधनांत महिन्याचा फरक दिसला की लगेच कुणाला खोटे म्हणू नये. तसेच सतराव्या शतकात इंग्रज वखारीच्या पत्रांत ज्युलियन तारखा, पोर्तुगीज पत्रांत ग्रेगोरियन. एकच घटना दहा दिवसांच्या अंतराने दोनदा घडल्यासारखी वाटते.

आता दंतकथा वगैरे. आख्यायिकेवर तर भाषेनेच अन्याय केला आहे. अमरकोशात ‘आख्यायिकोपलब्धार्था’, म्हणजे जिचा विषय खरोखर घडलेला, ज्ञात आहे ती आख्यायिका, आणि ‘प्रबन्धकल्पना कथा’, म्हणजे कल्पनेने रचलेली ती कथा. बाणभट्टाचे हर्षचरित आख्यायिका, कादंबरी ही कथा. मराठीत अर्थ फिरला आणि आख्यायिका दंतकथेच्या शेजारी जाऊन बसली. जुन्या संस्कृत ग्रंथाच्या भाषांतरात हे विसरले तर लेखकाने ‘खरे’ म्हटलेले आपण ‘ऐकीव’ करून टाकतो.

ऐकीवसाठी नेमका शब्द आहे ‘ऐतिह्य’. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, वात्स्यायनाने त्याची व्याख्या केली: ज्याचा मूळ सांगणारा निर्दिष्ट नाही असे परंपरेने चालत आलेले वचन. ठरलेले उदाहरण, ‘या वडावर यक्ष राहतो’. व्याख्येत ते खोटे आहे असे कुठेच नाही, सांगणारा सापडत नाही एवढेच आहे. हा शब्द पुन्हा वापरात यावा असे मला कळकळीने वाटते. ‘दंतकथा’ म्हटले की श्रद्धा दुखावते, ‘इतिहास’ म्हटले की सत्य. ‘ऐतिह्य’ दोन्ही सांभाळतो.

बखर हा ‘खबर’चा वर्णव्यत्यास, म्हणजे अक्षरांची अदलाबदल, असे सहसा मानतात. बखरी सरसकट मोडीत काढू नयेत, त्यांना सरसकट इतिहासही म्हणू नये. कृष्णाजी अनंत सभासदाने महाराजांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांच्या आत लिहिले, तो त्या राज्यातला माणूस. मल्हार रामराव चिटणीसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिले. दोघांनाही ‘बखर’ म्हणतात आणि वाचक दोघांना सारखेच वजन देतो. नुसते ‘बखरीत आहे’ म्हणू नये, कोणत्या बखरीत ते सांगावे.

मतभेद

वरच्या उत्तरांशी सहमत, पण ‘पुनर्लेखन’ कुणीच सोडवला नाही. हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, त्याला माझी हरकत आहे. शिवाजी महाराजांचे १६२७ हे जन्मवर्ष अनेक वर्षे प्रचलित होते. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, ‘शिवभारत’ या शिवकालीन संस्कृत काव्यातली तिथी तिच्याशी जुळली, जोधपूरकडे मिळालेली कुंडलीही जुळली, आणि अखेर २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० मान्य केली. हे पुनर्लेखनच, आणि उत्तम पुनर्लेखन: नवा पुरावा आधी आला, निष्कर्ष नंतर बदलला. जिथे निष्कर्ष आधी बदलतो आणि पुराव्याची शोधाशोध मागाहून सुरू होते, तिथे ‘पुनर्लेखन’ हा शब्द खर्ची घालू नका, ‘विपर्यास’ म्हणा आणि कोणते वाक्य गाळले ते पानासकट दाखवा.