नवीन असेंबल केलेला पीसी सुरू होतो आणि चार-पाच सेकंदांत बंद पडतो

साखळीची लेक:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या नाट्यमंडळाच्या प्रयोगांचं शूटिंग एडिट करायला मी पीसी असेंबल केला आहे. जुन्या लॅपटॉपवर तीन अंकी नाटक एक्स्पोर्टला लावलं की रात्र जायची. चतुर्थीतल्या प्रयोगांआधी हा चालू व्हायलाच हवा.

सामान असं: रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि त्याच्यासोबतच आलेला कूलर, बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, ६५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). ग्राफिक्स कार्ड अजून घेतलेलं नाही, मॉनिटर बोर्डाच्याच एचडीएमआयला लावला आहे.

बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमची तपासणी दाखवणारा) दिवा लागतो आणि चार-पाच सेकंदांत सगळं एकदम बंद. लगेच पुन्हा बटण दाबलं तर काहीच होत नाही. थोडं थांबून दाबलं की पुन्हा तेच. प्रोसेसरची ८ पिनची आणि बोर्डाची २४ पिनची वायर दोन्ही खटकन बसल्या आहेत. कूलरचे चारही स्क्रू घट्ट आहेत, पंखा सीपीयू फॅनच्या पिनांवर आहे. रॅम बोर्डाच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहे. आता काय बघू?

मडगावकर:
एसएमपीएस गेला असणार. दुसरा लावून बघा.

फोंड्याचा वायरमन:
ताई, घरची अर्थिंग एकदा तपासून घ्या. जांभ्या दगडाच्या जमिनीत, त्यातून उन्हाळ्यात माती सुकली की, अर्थिंग कमकुवत होते. मल्टिमीटरवर अर्थ आणि न्यूट्रलमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरमनला बोलवा. पण पावसाळ्यात जमीन ओली असताना आणि दर वेळी मोजून तेवढ्याच सेकंदांनी बंद पडत असेल तर दोष घरच्या लाईटचा वाटत नाही.

म्हापशाचा रिपेअरवाला:
ताई, एसएमपीएसवर पैसे घालायची घाई नको. तुम्ही दोन गोष्टी नेमक्या लिहिल्या आहेत: चार-पाच सेकंद, आणि लगेच दाबलं तर काहीच न होणं.

बोर्डाखाली पितळेचा जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खुंट) राहून शॉर्ट झाला असता तर एसएमपीएसने क्षणात हात वर केले असते, पंखा जेमतेम हलला असता. कूलर नीट टेकला नसता तर प्रोसेसर तापायला लागणारा वेळ दर वेळी कमी-जास्त झाला असता, आणि ९५ अंशांपर्यंत गेला की हा प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. दर वेळी चार सेकंदांच्या आसपास बंद पडणं हे वेगळं लक्षण आहे. पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं की कुठलाही पीसी बंद होतो. विंडोज नसली तरी होतो, ते काम बोर्डच करतो. माझ्या मते तुमच्या कॅबिनेटचं बटण दाबल्यावर आतच अडकतंय. बोर्डाला वाटतं तुम्ही बोट काढलेलंच नाही. ते हळूहळू वर येईपर्यंत पुन्हा दाबण्यात अर्थ नसतो.

तपासणं सोपं आहे. मेन स्विच बंद करा. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात कॅबिनेटच्या बारीक वायरी लागतात, त्यांतली पॉवर स्विचची दोन पिनांची वायर उपसून काढा. कुठल्या पिना ते बोर्डाच्या पुस्तकात बघूनच. मग मेन चालू करून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा आणि काढा. तिथे पाच व्होल्टच्या आतच असतात, शॉक बसत नाही. पीसी चालू राहिला तर दोष बटणाचा.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. चालू राहिला तरी डिस्प्ले लगेच येणार नाही. डीडीआर५ रॅम पहिल्या खेपेला ट्रेनिंग करते, म्हणजे बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो, त्यात काही मिनिटं जातात, डीरॅमचा दिवा लागलेला राहतो, मध्येच एकदा रीस्टार्टही होतो. तेव्हा हात लावू नका. लोक इथेच घाबरून मेन बंद करतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

साखळीची लेक:
दादा, बटणच! स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि पंखे फिरतच राहिले. स्क्रीन इतका वेळ काळी होती की आई दोनदा विचारून गेली, पण तुम्ही सांगितलं होतं म्हणून थांबले, आणि बायॉस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगची स्क्रीन, दिसली. प्रोसेसर ४५ अंशांच्या आसपास आहे, दोन्ही रॅम दिसतात.

कॅबिनेटची पुढची चौकट काढून बटण बघितलं. प्लॅस्टिकच्या कडेला साच्यातला बारीक कंगोरा राहिला आहे, बटण तिरकं दाबलं की तिथे अडकतं आणि सावकाश वर येतं. वॉरंटीत परत पाठवायचं तर सगळं पुन्हा सोडवावं लागेल. काही उपाय?

म्हापशाचा रिपेअरवाला:
सोडवू नका. रीसेटच्या बटणाची दोन पिनांची वायर काढून पॉवर स्विचच्या पिनांवर लावा. स्विचला उलट-सुलट नसतं, कशीही लागली तरी चालते. रीसेटचं बटण दाबलं की पीसी सुरू होईल. वॉरंटीत फक्त पुढची चौकट बदलून मिळते का ते विचारून ठेवा.

आणि रॅम ६००० च्या वेगाची असली तरी सध्या बहुतेक ४८०० वर चालत असेल. एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवायची बायॉसमधली सेटिंग) आत्ता चालू करू नका. आधी विंडोज टाका, एखादं पूर्ण नाटक एक्स्पोर्ट करून बघा, मग बायॉसमध्ये जाऊन करा. तेव्हा पुन्हा थोडा वेळ स्क्रीन काळी राहील.