दोन तृतीयांश आमदार फुटले म्हणजे पक्ष त्यांचा होतो का?

सातारकर:
जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले आणि २ जुलै २०२३ रोजी अजित पवारांनी तोच कित्ता गिरवला. दोन्ही वेळी ‘दोन तृतीयांश’ हा शब्द इतक्यांदा कानांवर पडला, की तेवढे आमदार जमवले तर पक्ष फोडण्यास कायद्याची मुभा आहे, अशी माझी समजूत झाली. परंतु आपण पक्ष सोडलेलाच नाही, असे दोन्ही गट सांगतात. मग ही बेरीज कशासाठी?

कलमबहाद्दर:
१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, एक तृतीयांश आमदारांच्या ‘फुटी’ला संरक्षण होते, ते २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकले. आता सवलत उरली आहे ती विलीनीकरणाची, आणि दोन तृतीयांशांची अट तिथली आहे. दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचे नसेल, तर ‘मूळ पक्ष आम्हीच’ असे म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तो दावा खरा की खोटा हे प्रथम ठरवतात विधानसभेचे अध्यक्ष, जे स्वतः बहुधा सत्ताधारी बाजूचेच असतात! १० जानेवारी २०२४ च्या निकालात अध्यक्षांनी विधिमंडळातील बहुमत पाहून शिंदे गटाला खरी शिवसेना ठरवले आणि अपात्र मात्र कोणत्याच गटातील कोणालाही केले नाही.

मांडवीकाठ:
विलीनीकरणाचा रस्ता पाहायचा असेल तर आमच्या गोव्यात या. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये विलीन झाले. त्यातून धडा घेऊन २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या क्रूसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेची शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ जण गेले. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे किमान आठ, हे लक्षात घ्या.

बैलजोडी:
आमदारकी वाचवणे वेगळे आणि चिन्ह मिळवणे वेगळे. चिन्हाचा वाद निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या १५ व्या परिच्छेदाखाली सोडवतो. काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीत आयोगाने जगजीवनराम यांच्या, म्हणजेच इंदिरा गांधींच्या, गटाला काँग्रेस मानले, तरी प्रकरण न्यायालयात असल्यामुळे १९७१ ची निवडणूक इंदिरा गांधींना गाय-वासरू या नव्या चिन्हावर लढवावी लागली. तरीही त्यांनी ती जिंकली, म्हणून चिन्हाला फारसे महत्त्व नाही असे कोणी म्हणेल, परंतु २०२४ ची सातारा लोकसभा तसे म्हणू देत नाही. शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते, तर एका अपक्षाला मिळालेल्या पिपाणीखालीही ‘तुतारी’ असेच नाव होते. त्या अपक्षाला सुमारे ३७ हजार मते पडली आणि पवारांचा उमेदवार सुमारे ३२ हजारांनी हरला.

सातारकर:
आभारी आहे, विलीनीकरणाचा मुद्दा आता उलगडला. त्या मतदानाहून परतल्यावर आमच्या आजीने ‘तुतारीला दिलं’ असे सांगितले होते. बाजूला माणूस होता का, असे विचारले, तेव्हा तिला ते आठवेना.